घरातल्या औषधांना परतीची वाट हवी

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, हिंगोली
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, हिंगोली

प्रत माहितीसाठी : मुख्याधिकारी, जिल्ह्यातील नगर परिषदा व नगरपंचायती, अन्न व औषध प्रशासन, जिल्ह्यातील औषध विक्रेते

विषय : घरातील घातक औषधांची साठवण आणि ती परत घेण्याची व्यवस्था

महोदय,

घरातले औषध घातक कधी म्हणायचे, हे आधी स्पष्ट असलेले बरे. काही औषधे जात्याच जहाल असतात : कर्करोगावरच्या गोळ्या, मॉर्फिन, मेथोट्रेक्सेट. काही औषधे ज्याच्यासाठी आणली त्याला तारतात आणि घरातल्या दुसऱ्याला मारतात : आईची रक्तवाढीची गोळी, आजोबांची शुगरची गोळी. आणि जवळजवळ सगळीच औषधे उघड्यावर टाकली की पाण्यात, मातीत किंवा जनावराच्या पोटात जाऊन पुन्हा आपले काम सुरू करतात. पहिल्या दोहोंचा बंदोबस्त घरातली माणसे करू शकतात. तिसऱ्याचा करू शकत नाहीत, कारण उरलेली गोळी सुरक्षितपणे नष्ट करण्याची सोय कोणत्याही घरात नसते. म्हणून हे पत्र प्रशासनाला आहे. घरात काय करायचे तेही त्यात ओघाने आले आहे, कारण ते घरोघरी सांगण्याचे काम शेवटी आशाताई, सिस्टर आणि औषधनिर्माण अधिकारी यांच्याकडेच येते.

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत असे पाच तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ११ लाख ७७ हजार ३४५ भरली आणि तिचा फार मोठा भाग खेड्यांत राहतो. खेड्यातल्या घरातला औषधांचा साठा मधल्या काळात पार बदलला. पूर्वी तापाच्या दोन गोळ्या, खोकल्याची बाटली आणि बामची डबी एवढ्यावर भागत असे. आता बीपी-शुगरच्या गोळ्या महिन्याच्या हिशोबाने आरोग्य केंद्रातून मिळतात. क्षयरोग्याला २०१७ पासून रोजच्या रोज घ्यायची औषधे दिली जातात. गरोदर बाईच्या घरी लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या असतात. कर्करोगाचा रुग्ण छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयातून किंवा परळच्या टाटा रुग्णालयातून केमोच्या गोळ्या घेऊन गावी परततो. हे सगळे बहुतेक घरांत एकाच कॅरीबॅगमध्ये भरलेले असते आणि ती पिशवी खुंटीला लटकवलेली असते. पिशवी खाली ओतली तर निम्म्या पाकिटांवर नाव नसते. मेडिकलवाला चार गोळ्या मागितल्यावर पाकीट कात्रीने कापून देतो आणि मुदतीची तारीख ज्या टोकाला छापलेली असते ते टोक एकतर दुकानात राहते, नाहीतर पहिल्या गोळीबरोबर फाडून टाकले जाते. उरते ते चंदेरी कागदातले बिननावाचे औषध.

या पिशवीतली सर्वांत कमी लेखली जाणारी गोळी म्हणजे लाल गोळी. ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात गरोदर व स्तनदा मातांना जी लोहाची गोळी मिळते, तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. गरोदरपणात रोज एक याप्रमाणे किमान १८० दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस ती घ्यायची असते. म्हणजे ज्या काळात घरात रांगते किंवा नुकते पाऊल टाकणारे मूल असण्याची शक्यता सर्वांत जास्त, नेमक्या त्याच काळात शेकडो लाल, गोडसर आवरणाच्या गोळ्या घरात येतात. लहान मुलाच्या बाबतीत वजनाच्या दर किलोमागे २० मिलिग्रॅम लोह पोटात गेले की त्रास सुरू होऊ शकतो आणि ६० मिलिग्रॅमच्या पुढे गेले की जिवावर बेतते. मूल दहा किलोचे असेल तर त्याला दहा गोळ्या पुरेशा आहेत. दहा गोळ्या म्हणजे पाकीटभर. गोळी-बिस्किटाला सोकावलेल्या पोराला त्या तोंडात टाकायला पाच मिनिटेही लागत नाहीत.

लोहाच्या विषबाधेची चाल फसवी आहे. पहिल्या सहा तासांत उलट्या, पोटदुखी, कधी रक्ताचे जुलाब होतात. त्यानंतर मूल शांत होते, खेळते, दूधही मागते. घरच्यांना वाटते, बरे झाले. हा उतार काही तासांचा असतो आणि त्याच काळात लोह यकृतावर घाव घालत असते. पुढे मूल एकदम गळून जाते, रक्तदाब कोसळतो, यकृत निकामी होऊ लागते. डेस्फेरिऑक्सामिन हा उतारा उपलब्ध आहे, पण तो वेळेत मिळाला तरच. म्हणून लाल गोळ्या खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट न पाहता १०८ वर फोन करावा आणि पाकीट सोबत न्यावे. मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी काढू नये. त्यात मुलाच्या श्वासनलिकेत उलटी जाण्याचा धोका वाढतो. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या क्रमांकावर मार्गदर्शन करते. माता व बाल संरक्षण कार्डावर हा क्रमांक आणि ‘गोळ्या मुलांच्या हाती लागू देऊ नका’ हे वाक्य असा एक शिक्का मारला तर त्यासाठी वेगळा कार्यक्रम राबवावा लागणार नाही.

लहान मुलाला एकदोन गोळ्यांतच गाठणारी आणखी काही औषधे जवळजवळ प्रत्येक गावात आहेत. ग्लिमेपिराइड आणि ग्लिबेनक्लामाइड या शुगरच्या गोळ्या मुलाची रक्तशर्करा इतकी खाली आणतात की झटके येतात, आणि हा परिणाम कित्येक तासांनीही दिसू शकतो. अम्लोडिपिन ही बीपीची गोळी मुलाचा रक्तदाब पाडते. ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामके आणि झोपेच्या गोळ्या श्वास मंदावतात. मोठ्या माणसाच्या दृष्टीने या ‘रोजच्या’ गोळ्या असतात, त्यामुळे त्या टीव्हीवर, उशाखाली, चहाच्या कपाशेजारी बिनधास्त पडलेल्या असतात. आजी-आजोबा आणि नातवंडे एकाच छपराखाली राहतात हे आपल्या खेड्यांचे बलस्थान खरे, पण गोळ्यांच्या बाबतीत तेच जोखमीचे आहे.

साठवणीचा नियम त्यामुळे सोपा होतो : सगळी औषधे एका जागी, कुलपात आणि उंचावर. त्यासाठी महाग कपाट लागत नाही. छोटे कुलूप लागेल अशी पत्र्याची पेटी पुरते. ती चुलीच्या खोलीत, न्हाणीजवळ किंवा थेट पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नये. बहुतेक औषधांवर २५ किंवा ३० अंशांखाली ठेवण्याची सूचना छापलेली असते. मे महिन्यात हिंगोलीचा पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याच्या घरात तो बाहेरच्यापेक्षाही वर जातो. घरातली सर्वांत थंड, कोरडी, अंधारी जागा बहुधा आतल्या खोलीतल्या जाड भिंतीच्या कोनाड्यात असते. गोळ्या पाकिटातून काढून रिकाम्या डबीत भरून ठेवू नयेत. नाव आणि मुदत पाकिटावर असते, डबीवर नसते. न उघडलेले इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांवर ठेवायचे असते, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही; एकदा गोठलेले इन्सुलिन फेकण्याच्याच लायकीचे होते. फ्रिज नसेल किंवा लाइट टिकत नसेल तर ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मातीच्या मडक्यात, पाणी लागणार नाही अशा कोरड्या डबीत ठेवलेली कुपी पत्र्याच्या घरातल्या फळीपेक्षा खूपच बऱ्या अवस्थेत राहते.

फवारणीच्या बाटल्या या पेटीजवळही नसाव्यात. सोयाबीन, कापूस, हळद करणाऱ्या घरांत कीटकनाशकाचे माप म्हणून खोकल्याच्या औषधाचे झाकण वापरले जाते आणि उरलेले कीटकनाशक कधी पाण्याच्या, कधी सिरपच्या बाटलीत ओतून ठेवले जाते. ही सवय गोळ्यांच्या सगळ्या धोक्यांपेक्षा मोठी आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचा प्रश्न वेगळा. दिवाळीनंतर घराला कुलूप लागते, औषधे एकतर बैलगाडीत-ट्रॅक्टरवर फिरतात, नाहीतर बंद घरात उन्हाळ्यापर्यंत तापत पडतात. परतल्यावर ती पुन्हा वापरात येतात. आशाताईंच्या यादीत ही घरे आहेत. ती परतल्यावर पहिल्याच भेटीत पिशवी तपासण्याचे काम ठरवून द्यायला हवे.

कुलपाचे आणखी एक कारण मराठवाड्यात मोकळेपणाने बोलले जात नाही. नैराश्याच्या भरात माणूस जे हाताशी असेल ते उचलतो. तो क्षण टळला तर बहुतेक माणसे पुन्हा तिकडे वळत नाहीत. ब्रिटनमध्ये १९९८ साली पॅरासिटामॉलच्या एका खोक्यात किती गोळ्या असाव्यात यावर मर्यादा आली. पुढच्या अकरा वर्षांत इंग्लंड व वेल्समध्ये या औषधाच्या विषबाधेने होणारे मृत्यू अंदाजे ४३ टक्क्यांनी कमी झाल्याचे ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१३ साली मांडले. गोळ्या तशाच मिळत होत्या, फक्त एका वेळी हाताशी कमी होत्या. घरातली उरलेली झोपेची, फिटची, वेदनेची औषधे वेळेवर बाहेर काढणे हा त्याच जातीचा उपाय आहे. घरात कोणी खचलेले असेल तर पेटीची किल्ली दुसऱ्याकडे असावी आणि टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक घरातल्या सगळ्यांना माहीत असावा. तिथे मराठीत बोलता येते.

आता जात्याच जहाल औषधांकडे. मेथोट्रेक्सेट हे संधिवात आणि सोरायसिससाठी दिले जाणारे औषध या दोन्ही आजारांत आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. त्याच्यासोबत फॉलिक ॲसिड दिले जाते. दोन्ही गोळ्या बहुधा बारीक आणि पिवळसर. अदलाबदल झाली आणि मेथोट्रेक्सेट रोज पोटात गेले, तर तोंडात फोड येतात, अस्थिमज्जा रक्तपेशी बनवणे थांबवते आणि माणूस दगावतो. जगभरात असे मृत्यू नोंदले गेले आहेत. पाकिटावर ‘फक्त सोमवारी’ असे वार घालून मोठ्या अक्षरात लिहिणे, दोन गोळ्या दोन वेगळ्या डब्यांत ठेवणे, आणि औषध देणाऱ्या माणसाने रुग्णाकडून तो वार तोंडी वदवून घेणे, एवढ्यावर हे टळते. लिहिता-वाचता न येणाऱ्या रुग्णासाठी त्या वाराला गावात जो बाजार भरतो त्याचे नाव सांगावे. ते वाराहून पक्के लक्षात राहते.

केमोच्या गोळ्यांमध्ये कॅपेसिटाबिन, सायक्लोफॉस्फामाइड, हायड्रॉक्सियुरिया, इमॅटिनिब ही नावे जास्त आढळतात. ही औषधे वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात किंवा त्यांची वाढ रोखतात आणि पोटातल्या गर्भाइतके वेगाने वाढणारे दुसरे काही नसते. आपल्याकडे सासऱ्याला किंवा सासूला गोळ्या देणारी बहुधा सून असते आणि ती गरोदर किंवा अंगावर पाजणारी असू शकते. तिने या गोळ्यांना हात लावू नये; हे सांगताना ऐकणाऱ्यांत घरातली मोठी माणसे असायला हवीत, नुसते तिला सांगून उपयोग नाही. गोळी झाकणात घेऊन थेट रुग्णाच्या हातात किंवा तोंडात द्यावी, हाताळायची वेळ आली तर हातमोजे घालावेत, नंतर साबणाने हात धुवावेत. गिळता येत नाही म्हणून ती खलबत्त्यात कुटू नये. भुकटी उडते आणि तोच खलबत्ता उद्या लसणाला वापरला जातो. गिळण्याची अडचण डॉक्टरांना सांगावी. औषध घेतल्यानंतर सुमारे ४८ तास रुग्णाची लघवी, उलटी, घाम यांतूनही औषध बाहेर पडत असते. त्या काळातले कपडे-चादरी वेगळ्या धुवाव्यात, शौचालयात भरपूर पाणी ओतावे. रुग्णाला स्पर्श करायला, जवळ बसायला, एका पंगतीत जेवायला काहीच हरकत नाही. हे मुद्दाम सांगावे लागते, कारण खबरदारीचे सोवळे व्हायला आपल्याकडे वेळ लागत नाही.

मॉर्फिनचा प्रश्न रुग्ण गेल्यावर सुरू होतो. तोपर्यंत गोळ्या मोजून दिल्या-घेतल्या जातात; दहावा-तेरावा उरकला की उरलेले पाकीट कपाटात तसेच पडून राहते. वेदनेने तळमळणाऱ्या माणसाला मॉर्फिन मिळावे म्हणून अमली पदार्थविरोधी कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ते देणे सोपे झाले. ही दुरुस्ती योग्यच होती. तिचा उलटा अर्थ लावून मॉर्फिन द्यायलाच डॉक्टर कचरू लागले तर रुग्णाचे हाल होतील. उरलेल्या गोळ्या जिथून दिल्या तिथेच परत करणे हा पहिला मार्ग. फेंटानिलची चिकटपट्टी तीन दिवस लावून काढली तरी तिच्यात औषध शिल्लक असते. ती चिकट बाजू आत घेऊन दुमडावी आणि मुलांच्या हाती लागेल अशा केरात टाकू नये.

सुयांचे सांगणे थोडक्यात. इन्सुलिनच्या सुया आणि फुटलेल्या काचेच्या कुप्या जाड प्लास्टिकच्या, फिरकीचे झाकण असलेल्या डब्यात जमा कराव्यात. डबा पाऊण भरला की झाकण घट्ट लावून चिकटपट्टी मारावी. पातळ पाण्याच्या बाटलीतून सुई बाहेर येते आणि ती कचरा वेचणाऱ्या बाईच्या हातात घुसते.

औषध घरातून बाहेर कसे जाते, ते आता पाहू. खेड्यात त्याला चार वाटा आहेत : उकिरडा, चूल, शौचालय आणि नाला. उकिरड्यावर टाकलेली गोळी शेणखताबरोबर उन्हाळ्यात शेतात जाते. त्याआधी गायी-म्हशी आणि कोंबड्या उकिरडा उकरतातच. चुलीत टाकलेल्या पाकिटाचा फॉइल-प्लास्टिकचा धूर चुलीपुढे बसलेल्या बाईच्या छातीत जातो; ते प्लास्टिक पुष्कळदा पीव्हीसी असते आणि ते जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ आणि डायॉक्सिन तयार होतात. केमोची औषधे पुरती नष्ट होण्यासाठी १२०० अंशांहून जास्त तापमानाची भट्टी लागते, असे जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम सांगतात. एवढे तापमान चुलीच्या आवाक्यातले नाही. नाल्यात टाकलेले औषध कयाधूला मिळते, कयाधू पैनगंगेला.

या चौघांत शौचालयाची वाट सर्वांत निर्धोक वाटते आणि तिथेच घोळ आहे. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने मे २०२५ मध्ये मुदतबाह्य व न वापरलेल्या औषधांच्या विल्हेवाटीबाबत मार्गदर्शक पुस्तिका काढली. तिच्यात १७ औषधांची यादी आहे, जी घरात ठेवण्यापेक्षा शौचालयात किंवा सिंकमध्ये वाहून टाकावीत असे म्हटले आहे. फेंटानिल, मॉर्फिन, ब्युप्रेनॉर्फिन, ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल, डायझेपाम, मेथिलफेनिडेट ही त्यांतली इकडे आढळणारी नावे. एका चुकीच्या गोळीने जीव जाऊ शकतो अशीच ही औषधे आहेत, म्हणून हा अपवाद. पण हा सल्ला ज्या गावांत गटार आणि सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आहे त्यांना शोभतो. इथल्या खेड्यात शौचालयाखाली शोषखड्डा असतो, तो काळ्या जमिनीत असतो, आणि ती जमीन उन्हाळ्यात हात जाईल इतकी भेगाळते. खड्ड्यातले पाणी भूजलात उतरते, आणि भूजल हातपंपातून वर येते. चार-दोन मॉर्फिनच्या गोळ्या घरात नातवाच्या हाती लागण्यापेक्षा खड्ड्यात गेलेल्या बऱ्या, एवढाच या यादीचा अर्थ घ्यावा. प्रतिजैविके, केमोच्या गोळ्या, हार्मोन्स, बीपी-शुगरच्या गोळ्या या यादीत नाहीत; त्या शौचालयात टाकायच्या नाहीत. आशाताईंच्या प्रशिक्षणात ‘फ्लश करा’ एवढाच शब्द पोहोचला तर पुस्तिकेने भले करण्याऐवजी नुकसान होईल.

पाण्यात गेलेले औषध पुढे काय करते, याची साक्ष शेजारच्या राज्यात आहे. हैदराबादजवळच्या पटनचेरू येथे औषध कारखान्यांचे सांडपाणी घेणाऱ्या शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात स्वीडिश शास्त्रज्ञांना सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळले. २००७ साली प्रसिद्ध झालेला हा आकडा रुग्णाच्या रक्तात उपचारासाठी लागणाऱ्या पातळीहूनही वरचा होता. ते प्रमाण कारखान्यांचे होते, घरांचे नव्हे. घराघरातून जाणारी मात्रा त्याच्यापुढे नगण्य आहे. पण अशा पाण्यात औषधाला दाद न देणारे जंतू कसे पोसले जातात ते पटनचेरूने दाखवले. गिधाडांचे उदाहरण त्याहून जवळचे. डायक्लोफेनॅक टोचलेले जनावर मेले आणि ते गिधाडांनी खाल्ले की त्यांचे मूत्रपिंड निकामी होते, हे २००४ साली सिद्ध झाले. तोवर देशातल्या गिधाडांच्या तीन जातींची संख्या ९५ टक्क्यांहून अधिक घटली होती. जनावरांसाठी त्यावर २००६ मध्ये बंदी आली. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांना टोचल्या जात होत्या म्हणून २०१५ मध्ये कुपीचा आकार ३ मिलिलिटरवर आणावा लागला. गोठ्यातल्या फळीवर उरलेली इंजेक्शने हाही घरातल्या औषधांचाच साठा आहे आणि पशुवैद्यकीय दवाखान्यांना या व्यवस्थेतून वगळून चालणार नाही.

नियमांची वानवा नाही. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी मुदतबाह्य औषधे, वापरलेल्या सुया, फुटलेले पाऱ्याचे थर्मामीटर यांना ‘घरगुती घातक कचरा’ ठरवले आणि शहरांत दर २० चौरस किलोमीटरला एक संकलन केंद्र असावे, त्याच्या वेळा जाहीर कराव्यात, असे स्थानिक संस्थांना सांगितले. २०२६ च्या नव्या नियमांत ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा असे चार भाग आले. औषधे चौथ्यात आहेत. औषध नियमावलीप्रमाणे दुकानदाराला मुदत संपलेला माल विक्रीच्या मालापासून वेगळा, ‘विक्रीसाठी नाही’ असे लिहिलेल्या खोक्यात ठेवावा लागतो आणि तो कंपनीकडे परत जातो. म्हणजे रुग्णालयाच्या औषधाला वाट आहे, दुकानाच्या औषधाला वाट आहे. घरातल्या औषधासाठी मात्र कागदावरची वाट गावापर्यंत यायला हवी. कापलेले पाकीट कंपनी परत घेत नाही, मग मेडिकलवालाही घेत नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. संकलन केंद्र कुठे आहे आणि कोणत्या वारी उघडे असते हे घंटागाडीच्या भोंग्यावरून ऐकू आले नाही, तर ते असून नसल्यासारखेच.

केरळने हे करून पाहिले आहे. तिथल्या औषध नियंत्रण विभागाचा ‘एनप्राउड’ हा कार्यक्रम फेब्रुवारी २०२५ मध्ये कोझिकोड महापालिका आणि उल्लियेरी ग्रामपंचायत अशा एका शहरात आणि एका खेड्यात सुरू झाला. हरित कर्म सेनेच्या बाया घरोघरी जाऊन औषधे गोळा करतात, दुकानांत पेट्या ठेवलेल्या असतात आणि जमा झालेला माल एर्नाकुलमच्या अधिकृत भट्टीत जातो. स्वीडनमध्ये औषध दुकाने १९७१ पासून उरलेली औषधे परत घेतात. हिंगोलीला स्वीडनसारखे होण्याची गरज नाही. उल्लियेरीएवढे झाले तरी पुरे.

त्यासाठी नवे काही उभारायचे नाही, कारण परतीचा एक रस्ता जिल्ह्यात रोज चालू आहे. लसीकरणाच्या दिवशी सिस्टर गावात येते, तेव्हा लसींच्या कुप्या शीतपेटीतून येतात आणि त्याच दिवशी रिकाम्या-अर्ध्या कुप्या, कापलेल्या सुया मोजून प्राथमिक आरोग्य केंद्रात परत जातात. तिथून त्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या रंगीत पिशव्यांतून सामाईक प्रक्रिया केंद्राच्या गाडीत चढतात. त्याच सत्राला, त्याच आशाताईंच्या सांगण्यावरून, घरातली नको असलेली औषधे एका कुलूपबंद, अरुंद तोंडाच्या पेटीत टाकता आली तर फक्त पिशवीचे वजन वाढेल. केंद्रात औषधनिर्माण अधिकाऱ्याने केमोची, नियंत्रित आणि इतर अशी तीन वाटण्यांत विभागणी करावी. नोंद वजनाची असावी, रुग्णाच्या नावाची नाही. क्षयरोगाचे किंवा एचआयव्हीचे पाकीट परत करणाऱ्याला गावात ओळख द्यायची इच्छा नसते. परत आलेली गोळी कितीही नवी दिसली तरी कोणालाही पुन्हा देऊ नये, कारण ती कोणत्या पत्र्याखाली किती दिवस तापली हे कुणी सांगू शकत नाही. प्रक्रियेचा किलोमागे येणारा खर्च ग्रामपंचायतींच्या स्वच्छतेसाठी बंधित असलेल्या निधीतून करावा. हिंगोली, वसमत आणि कळमनुरी नगर परिषदांना तसेच सेनगाव आणि औंढा नगरपंचायतींना घंटागाडीतला एक लाल डबा आणि महिन्यातला एक ठरलेला वार एवढेच पुरते. औषध विक्रेत्यांकडून मात्र एक गोष्ट आग्रहाने मागायला हवी : पाकीट कापताना मुदतीचे टोक गिऱ्हाइकाच्या हाती जावे, आणि ते शक्य नसेल तर नाव व तारीख पाकिटात घालून द्यावी.

ही व्यवस्था उभी राहीपर्यंत घरांनी काय करावे, हा प्रश्न उरतो. साध्या गोळ्या पाकिटातून काढून, न चुरता, चहाच्या चोथ्यात किंवा राखेत कालवून, बंद पिशवीत घालून कचऱ्याच्या गाडीत द्याव्यात. रिकाम्या पाकिटावरचे नाव खोडावे. उकिरड्यावर टाकू नयेत, जाळू नयेत. केमोच्या गोळ्यांना हे लागू नाही. त्या मूळ पाकिटातच, वेगळ्या पिशवीत, पुढच्या तपासणीला रुग्णालयात परत न्याव्यात. दम्याचे पंप आणि फवारे फोडू नयेत, विस्तवात टाकू नयेत. प्रतिजैविकांचा कोर्स पूर्ण केला तर उरत नाहीच. उरले असेल तर ते शेजाऱ्याच्या पोराला देऊ नये.

जिल्हा परिषदेने एका तालुक्यातली एकदोन प्राथमिक आरोग्य केंद्रे निवडून येत्या लसीकरण सत्रापासून परतीची पेटी सुरू करावी, सहा महिन्यांचे वजन जाहीर करावे आणि मग उरलेल्या केंद्रांचा निर्णय घ्यावा. पेटीवर फक्त एवढेच लिहावे : ‘नको असलेली औषधे येथे टाका. नाव विचारले जाणार नाही.’

कळावे,
हिंगोली जिल्ह्यातील एक रहिवासी